केलांतानची बोली, नाशिकची संध्याकाळ : बारा आठवड्यांच्या एका बोलीवर्गाचे परीक्षण

नोव्हेंबर २०२३ मध्ये मलेशियाच्या केलांतान राज्यातील कोटा भारू येथील एका घाऊक व्यापाऱ्यांनी आमच्या पिंपळगाव बसवंतच्या कांदा निर्यात कार्यालयाला पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश मी चार वेळा ऐकला आणि चारही वेळा त्याचा चुकीचा अर्थ लावला. त्यात एक शब्द पुनःपुन्हा येत होता आणि तो मला ‘बासुह’ असा वाटत होता. प्रमाण मलय भाषेत बासुह म्हणजे धुणे. मी त्यांना नम्रपणे कळवले की आम्ही कांदा कधीही धुवत नाही. चाळीतून काढून, पात आणि मुळ्या कापून, प्रतवारी करून तो कोरडाच जाळीच्या गोण्यांत भरतो. त्यांनी तोच शब्द पुन्हा, जरा मोठ्याने उच्चारला. ते ‘बासॉह’ म्हणत होते, म्हणजे ओला. कंटेनरला आतून घाम सुटून वरच्या थरातील गोण्या भिजल्या होत्या. याचा उलगडा होईपर्यंत दोन दिवस गेले, आणि भिजलेल्या कांद्याच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याआधी मी शहरातील एका संस्थेत सहा महिने प्रमाण मलय शिकले होते. व्याकरण तेथे नीट शिकवले गेले आणि पत्रव्यवहार करण्याइतकी भाषा मला आली, याबद्दल तक्रार नाही. मात्र केलांतानच्या व्यापाऱ्यांचे बोलणे मला का कळत नाही, असे विचारले तेव्हा ‘ती बिघडलेली मलय आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला लागले. मी सटाण्याची, नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यातली. घरी आम्ही ‘काय शे’ म्हणायचो आणि शाळेत तेच ‘काय आहे’ असे दुरुस्त करून घेतले जायचे. अहिराणी ही बिघडलेली मराठी आहे, हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मलयमधला जुळा भाऊ मला लगेच ओळखू आला.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठेपर्यंत आमच्या कागदपत्र विभागाला फारसे काम उरले नाही. त्या रिकाम्या संध्याकाळी केलांतानी बोलीच्या ज्या वर्गात गेल्या, त्याचे हे परीक्षण आहे. वर्ग इंटरनेटवरून चालतो. कोटा भारू येथील एक निवृत्त शिक्षिका तो घेतात आणि तो केवळ ओळखीतून चालत असल्याने त्यांच्या इच्छेनुसार मी नाव देत नाही. आम्ही सगळे त्यांना ‘चिकगू’ म्हणायचो. मलयमध्ये शिक्षकांना असेच संबोधतात. त्या शब्दाचा उत्तरार्ध म्हणजे आपला ‘गुरू’च आहे. बारा आठवडे, आठवड्याला दोन तास, तासाला ६०० रुपये, म्हणजे एकूण १४,४०० रुपये. गटात आम्ही चौघे होतो : मी, द्राक्ष निर्यातीतील एक सहकारी, भाषाविज्ञानाचा अभ्यास करणारी पुण्याची एक विद्यार्थिनी आणि पेनांगमध्ये नोकरी करून परतलेले एक अभियंते. मलेशियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडच्या सहाच्या वर्गाला चिकगू रात्री साडेआठला, जेवण उरकून बसत. रविवार त्यांच्यासाठी कामाचा दिवस असतो, कारण केलांतानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते. ही गोष्ट व्यापारात पाय ठेवण्यापूर्वी कोणीतरी मला सांगायला हवी होती. शुक्रवारी पाठवलेल्या किती संदेशांची मी उगाच वाट पाहिली असेन.

पहिल्या तासाला चिकगूंनी व्याकरणाचा एकही शब्द काढला नाही. त्यांनी वीस प्रमाण शब्द म्हटले आणि प्रत्येकाच्या मागोमाग त्याचे केलांतानी रूप म्हटले. माकान म्हणजे जेवणे, त्याचे माकॅ. ईकान म्हणजे मासा, त्याचे ईकॅ. आयाम म्हणजे कोंबडी, त्याचे आयॅ. आबांग म्हणजे थोरला भाऊ, त्याचे आबॅ. न, म आणि ङ हे तिन्ही अनुनासिक शब्दाच्या शेवटी ‘आ’नंतर आले की गळून पडतात आणि मागचा ‘आ’ उघड्या ‘ॲ’मध्ये बदलतो, हा नियम त्यांनी सांगितला नाही, तो आमच्याकडून काढून घेतला. ‘बावांग’ म्हणजे कांदा, तर केलांतानमध्ये कांद्याला काय म्हणत असतील, हा पहिल्या दिवसाचा शेवटचा प्रश्न होता आणि ‘बावॅ’ हे उत्तर मी दिले, तेव्हा अनेक महिन्यांच्या ध्वनिसंदेशांतील एक न कळलेला शब्द माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसला. कांद्याच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट येथे नोंदवते, कारण ती आपल्याकडील अनेकांच्या उपयोगाची आहे. ‘बावांग मेराह’चे शब्दशः भाषांतर ‘लाल कांदा’ होते, पण मलेशियात या नावाने सामान्यतः छोटा सांबार कांदा ओळखला जातो. आपला लाल कांदा असो की उन्हाळ कांदा, तो तिकडे ‘बावांग बेसार’, मोठा कांदा असतो.

पुढचे दोन आठवडे आम्ही शब्दांच्या शेवटांवरच घालवले आणि त्या वेळेचा क्षणही वाया गेला नाही. शेवटचा ‘स’ केलांतानमध्ये ‘ह’ होतो : पानास म्हणजे गरम, त्याचे पानाह. शेवटचे प आणि त घशात अडकून जातात, ‘साकित’ आणि ‘सेदाप’ या शब्दांच्या टोकाला केवळ एक झटका ऐकू येतो. शेवटचे ल आणि र नाहीसेच होतात, म्हणून पासार हा बाजार केवळ ‘पासा’ उरतो. कठोर व्यंजनाच्या आधीचा अनुनासिक पडतो, म्हणून लांपू या दिव्याचे लापू होते आणि खुद्द केलांतानचे ‘कलातॅ’ होते. शेवटचा ‘आ’ गोल होऊन ‘ऑ’ होतो : माता म्हणजे डोळा, त्याचे मातॉ, आपा म्हणजे काय, त्याचे गापॉ. आणि ‘आह’चे ‘ऑह’ होते : रूमाह म्हणजे घर, त्याचे रूमॉह, बासाह म्हणजे ओले, त्याचे बासॉह. माझा नोव्हेंबरचा घोटाळा येथे सुटला. केलांतानी धुणे आणि केलांतानी ओले यांच्यात फरक केवळ ‘ओ’ आणि ‘ऑ’चा आहे आणि प्रमाण मलयच्या सवयीने मी दोन्हींना एकाच खुंटीवर टांगत होते.

एक निरीक्षण माझे स्वतःचे आहे. चिकगूंच्या टिपणांत रोमन लिपी वापरलेली होती आणि त्या लिपीत ‘ए’ आणि ‘ॲ’ यांसाठी एकच अक्षर येते, ‘ओ’ आणि ‘ऑ’ यांचीही तीच गत. मी माझी वही पहिल्या आठवड्यापासून देवनागरीत लिहिली. ‘बँक’ आणि ‘डॉक्टर’ लिहिण्यासाठी मराठीने जी चंद्राची खूण सांभाळली आहे, ती या बोलीला अगदी मापाने शिवल्यासारखी बसते. मराठी भाषकाने ही बोली शिकताना रोमन टिपणांवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

या वर्गाचे खरे मोल मात्र पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात कळले. केलांतान आणि सीमेपलीकडच्या, थायलंडमधल्या पट्टाणीच्या मलयमध्ये शब्दाच्या आरंभीचे व्यंजन दुप्पट होते आणि त्याने अर्थ बदलतो. जालॅ म्हणजे रस्ता, ज्जालॅ म्हणजे चालणे. बिनी म्हणजे बायको, ब्बिनी म्हणजे लग्न करून बायको असणे. बुंगॉ म्हणजे फूल, ब्बुंगॉ म्हणजे फुलणे. हे दुहेरी व्यंजन म्हणजे गळून गेलेल्या पहिल्या अवयवाची खूण असते. प्रमाण मलयमधील ‘बेरजालान’ या क्रियापदाचा ‘बेर’ झिजला आणि त्याची जागा पुढच्या ‘ज’ने व्यापली. कधी हा अवयव उपसर्ग नसून मूळ शब्दाचाच भाग असतो, जसे मातॉ म्हणजे डोळा आणि म्मातॉ म्हणजे रत्न, जे प्रमाण भाषेत ‘पेरमाता’ आहे. कातॉक म्हणजे मारणे आणि क्कातॉक म्हणजे बेडूक. आणि ज्या जोडीने मला सर्वाधिक आनंद दिला ती अशी : लाबॉ म्हणजे नफा, म्हणजे आपला संस्कृत ‘लाभ’, आणि ल्लाबॉ म्हणजे कोळी, जाळे विणणारा.

मराठीला द्वित्त नवे नाही. पता आणि पत्ता, कला आणि कल्ला, मका आणि मक्का आपण सहज वेगळे म्हणतो. पण आपले द्वित्त शब्दाच्या पोटात असते, आरंभी कधीच नसते. पोटातल्या द्वित्तात आधीचा स्वर संपल्यावर जो थांबा येतो तो कानाला मोजता येतो. शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला असेल आणि त्याचे पहिले व्यंजन प, त किंवा क असेल, तर तो थांबा म्हणजे निव्वळ शांतता असते, आणि बोलण्याआधीची शांतता ऐकणार कशी? पागी म्हणजे सकाळ आणि प्पागी म्हणजे भल्या पहाटे. चिकगू हे दोन्ही म्हणत आणि आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहायचो. त्यांनी तेव्हा समजावले की त्यांचे कान ती शांतता ऐकत नाहीत, तिच्या मागून येणारा पहिला स्वर ऐकतात. दुहेरी व्यंजनानंतरचे पहिले अक्षर जरा अधिक जोराने आणि अधिक उंच सुरात निघते. एवढे सांगून त्यांनी आम्हांला डोळे मिटायला लावले आणि वीस मिनिटे फक्त जोड्या म्हटल्या. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस मी दहापैकी आठ ओळखू लागले. ओळखणे जमले तरी बोलणे अजूनही कच्चे आहे. देवनागरीत प्पागी लिहिणे सोपे, तोंडाने काढणे कठीण.

आठव्या आठवड्यात एक गोष्ट अशी आली की वर्ग ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास अधिक चालला. केलांतानमध्ये विशेषणाला त्याचा स्वतःचा, दुसऱ्या कोणालाही न लागणारा जोडीदार असतो. फार गोड म्हणजे ‘मानिह लेतिंग’, अगदी बेचव म्हणजे ‘तावा हेबेह’, घाण वास मारणारे म्हणजे ‘बुसुक बांगा’. लेतिंग हा शब्द एकटा फारसा काही सांगत नाही आणि तो आंबटाला जोडून चालत नाही. चिकगूंना वाटत होते की हे परक्यांना समजावणे अवघड जाईल, कारण प्रमाण मलयमध्ये अशा ठरावीक जोड्या पुष्कळ कमी आहेत. आम्ही त्यांना सांगितले की आम्ही तर याच पाण्यातले मासे आहोत : आमच्याकडे गोडमिट्ट असते, आंबटढाण असते, काळेकुट्ट, लालभडक, हिरवेगार, पिवळेधमक असते, आणि कोणी ‘लालकुट्ट’ म्हटले तर लहान मूलसुद्धा चूक दाखवील. त्यांनी ‘गोडमिट्ट’ तीनदा म्हणून पाहिले आणि वहीत लिहून घेतले.

पैशांचे शब्द त्यांनी एका तासात आटोपले, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो तास सोन्याचा होता. पैशाला तिकडे ‘पितिह’ म्हणतात. पितिस या जुन्या कथलाच्या नाण्यांचे नाव नाणी गेल्यावरही जिभेवर राहिले, जसे आपल्याकडे चवली-पावली चलनातून गेली तरी चाराणे आणि बाराणे बोलण्यात टिकले. ‘दुवॉ कूपॅ’ म्हणजे वीस सेन (सेन म्हणजे मलेशियाच्या रिंगिटचा शंभरावा भाग), ‘सामाह’ म्हणजे पन्नास सेन. सर्वनामांवर मात्र अधिक वेळ द्यायला हवा होता. आंबॉ हे ‘मी’चे नम्र रूप, कावॅ हे बरोबरीच्या माणसांतले, देमॉ म्हणजे समोरच्याला आदराने ‘तुम्ही’ आणि मुंग म्हणजे जवळिकीचे ‘तू’, जे अनोळखी माणसाला वापरले तर अपमान ठरतो, एवढ्यावर तो विषय संपला. धाकट्याने थोरल्याला, गिऱ्हाइकाने बाजारातल्या बाईला, जावयाने सासऱ्यांना काय म्हणावे, हे विचारण्याची संधी मिळाली नाही.

नवव्या आठवड्यातील ध्वनिफीत कोटा भारूच्या सिती खदीजा बाजारातली होती. त्या बाजारात विक्रेत्या बहुसंख्येने स्त्रिया आहेत आणि त्यासाठी तो प्रसिद्ध आहे. एक बाई सुकी मासळी विकत होत्या, दुसरी कोणी भाव पाडून मागत होती, मागे मोटारसायकली आणि ओरडा. आम्ही ती सात मिनिटे दोन तास ऐकली. ही या संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वोत्तम सामग्री होती आणि माझी पहिली गंभीर तक्रार येथूनच सुरू होते, कारण अशी फीत केवळ एक होती. बाकीच्या सर्व फिती चिकगूंनी स्वतःच्या घरी, शांत खोलीत, सावकाश बोलून केलेल्या होत्या. नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहून जी मराठी ऐकू येते ती वृत्तनिवेदकाच्या मराठीवरून शिकता येत नाही.

दुसरी तक्रार लेखनाची आहे. या बोलीला सर्वमान्य लेखनपद्धती नाही, हे मान्य. पण एका शिक्षिकेच्या टिपणांत तरी एकच पद्धत हवी. एकाच पानावर एक शब्द तीन प्रकारे लिहिलेला आढळला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातला कोणता खरा धरावा, हे कळेना. परीक्षाही लेखी होती. जी भाषा मुख्यतः बोलली आणि ऐकली जाते, तिची परीक्षा कागदावर घेणे मला मुळीच पटले नाही आणि हे मी चिकगूंना स्पष्ट कळवले आहे.

तिसरी गोष्ट भूगोलाची. अभ्यासक्रमाच्या नावात ‘केलांतान आणि तिचे शेजार’ असे शब्द आहेत, पण शेजाराला जेमतेम एक तास मिळाला. थायलंडमधील ‘पट्टाणी’, ‘याला’ आणि ‘नराथिवात’ या प्रांतांत याच बोलीचे दुसरे अंग जिवंत आहे. तिथले लोक तिला ‘बासॉ नायू’ म्हणतात, म्हणजे मलय भाषा. त्या ‘बासॉ’मध्ये आपली ‘भाषा’ आहे. १९०९ मध्ये ब्रिटन आणि सयाम यांच्यात झालेल्या करारात केलांतान, तेरेंगानू, केदाह आणि पर्लिस ब्रिटिशांकडे गेले, पट्टाणी सयामकडे राहिले आणि गोलोक नदीच्या दोन काठांवर एकाच बोलीची माणसे दोन राज्यांत वाटली गेली. अलीकडच्या काठावर प्रमाण मलय शाळेत आली, पलीकडे थाई आली; पट्टाणीच्या बोलण्यात थाई शब्द शिरले आणि जावी, म्हणजे अरबी वळणाची मलय लिपी, तिकडे चांगली टिकली. एवढा मोठा विषय अर्ध्या तासात उरकला जाऊ नये. तेरेंगानूची तुलना तर एका पानात संपली, आणि ती फार बोलकी तुलना आहे : प्रमाण भाषेत माकान, केलांतानमध्ये माकॅ, तर शेजारच्या तेरेंगानूमध्ये माकांग. तिथे अनुनासिक गळत नाही, घशाकडे सरकतो. आमच्याकडे सटाण्याची आणि धुळ्याची अहिराणी वेगळी काढणारे कान ज्यांना आहेत, त्यांना या फरकात किती रस वाटेल हे मी सांगू शकते.

चिकगूंनी एक गोष्ट मात्र आवर्जून समजावली आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सुमात्रातील मिनांगकाबाऊ, दक्षिण कालिमांतानची बंजार, सारावाकची इबान, जकार्ताची बेतावी आणि ही केलांतान-पट्टाणी, या सगळ्या मलय कुळातील भाषा आणि बोली आहेत आणि त्यांतली कोणतीही प्रमाण मलयपासून ‘बिघडून’ तयार झालेली नाही. आजची प्रमाण भाषा जोहोर-रियाऊच्या परंपरेवर उभी आहे आणि ‘देवान बहासा दान पुस्ताका’ या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने तिला घडवले. ती या बोलींची आई नव्हे, मान मिळालेली बहीण आहे. केलांतान इतके वेगळे का राहिले, याचेही कारण त्यांनी नकाशावर दाखवले. पश्चिमेला तितिवांगसा डोंगररांग आडवी आहे आणि तिच्यातून पलीकडे नेणारा पूर्व-पश्चिम महामार्ग १९८२ मध्ये खुला झाला. त्याआधी पेनांगच्या बाजूला जाणे म्हणजे मोठा वळसा होता.

हा वर्ग कोणी घ्यावा, तर ज्यांना प्रमाण मलय किमान कामापुरती येते त्यांनी. शिकवण्याचे माध्यम प्रमाण मलय आणि थोडी इंग्रजी असे आहे आणि द्राक्षांच्या व्यवसायातील आमचे सहकारी, ज्यांची प्रमाण मलय नुकतीच सुरू झाली होती, चौथ्या आठवड्यापासून मागे पडत गेले. त्यांच्यासाठी वेग कमी करता आला असता, पण तो केला गेला नाही. क्वालालंपूर किंवा जोहोरशी व्यवहार असणाऱ्यांना याची गरज नाही. कोटा भारू, पासिर मास, तुंपाट किंवा तेरेंगानूतील बेसूत, जिथे केलांतानीसारखीच बोली चालते, तिथे माल पाठवणाऱ्यांना १४,४०० रुपये मुळीच जास्त वाटू नयेत. एका कंटेनरमधल्या एका गैरसमजाची किंमत त्याहून मोठी असते.

१२ मार्च २०२४ रोजी रमजान सुरू झाला तेव्हा शेवटचे काही तास आपल्या वेळेनुसार सकाळी सातला घेतले गेले, कारण रात्री चिकगू मशिदीत तरावीहच्या नमाजाला जात. एका सकाळी, उपास असताना, त्यांनी माझा नोव्हेंबरचा ध्वनिसंदेश ऐकला. मी तो जपून ठेवला होता. त्यांनी तो थांबवून थांबवून लावला आणि मला वाक्यावाक्याला अर्थ सांगायला लावला, आणि मी अडखळत का होईना, शेवटपर्यंत पोहोचले. ओल्या गोण्यांच्या तक्रारीनंतर शेवटी आणखी एक वाक्य होते, जे मी तेव्हा आवाजाच्या घाईत ऐकलेच नव्हते : राहिलेला माल चांगला आहे, काळजी करू नका. मे महिन्यात निर्यात सुरू झाल्यावर त्या व्यापाऱ्यांना मी पहिला संदेश बोलून पाठवला आणि त्याची सुरुवात ‘आंबॉ’ने केली. दुसऱ्या टप्प्यासाठी मी नाव दिले आहे. त्यात पट्टाणीला चार आठवडे द्यावेत आणि परीक्षा तोंडी घ्यावी, या दोन्ही सूचना चिकगूंनी मान्य केल्या आहेत.